काठी उचलू नकोस, हेक्टर

हेक्टर इमलाकच्या पोटात सॅमन माशाचा तुकडा गेला की त्याच्या अंगावर गांधी उठतात, आणि म्हणूनच सगळा जन्म नदीवर काढूनही त्याने कधी स्वतःसाठी गळ टाकला नाही, असं स्कॉटलंडात आमच्या ऑकिनवेल गावापासून थेट बॅन्फच्या बंदरापर्यंत लोक सांगत. ही अफवा कोणी उठवली ते मला पक्कं ठाऊक आहे, कारण ती मीच उठवली. पोस्टाच्या रांगेत एका पाहुण्याने विचारलं, "तुमचा तो गिली स्वतः कधी मासा धरत नाही का?" आणि मी तोंडाला आलं ते बोलून गेले. पंधरा दिवसांनी तीच बातमी टरिफच्या पाववाल्याने मला सांगितली, तेव्हा तिला एक स्पेशालिस्ट डॉक्टर आणि इस्पितळातल्या दोन रात्री येऊन चिकटल्या होत्या. त्या रविवारी हॉटेलात सगळ्यांना सॅमन वाढला आणि हेक्टरपुढे, न विचारता, उकडलेली कोंबडी ठेवली. त्याने ताटाकडे बघितलं, मग पलीकडच्या टेबलावर बसलेल्या माझ्याकडे.

"तूच ना?"

"मी कशाला?"

"कोंबडीसुद्धा कच्ची आहे," तो म्हणाला आणि खायला लागला.

तर ते खोटं. हेक्टर सॅमन मिटक्या मारत खातो, कातडीसकट. खरी गोष्ट त्याहून वाईट होती. त्याला गळाने सॅमन धरताच येत नव्हता.

हे किती वाईट, ते आमच्याकडच्याच माणसाला कळेल. हेक्टर डेव्हरॉन नदीवरचा गिली. पाहुण्यांना मासा कुठे बसलाय ते दाखवायचं, त्यांच्या दोरीला गळाची पिसांची खोटी माशी बांधायची, पाण्यात त्यांच्या कोपराशी उभं राहायचं, आणि मासा लागला की हातजाळं घेऊन पुढे व्हायचं, हे त्याचं काम. नदीचा आमच्या बाजूचा पावणेदोन मैलांचा काठ मिसेस डॅल्गार्नो यांच्या मालकीचा; हेक्टर त्यांचा माणूस आणि माझा शेजारी. आमच्या घरांमध्ये एकच भिंत आहे, आणि ती बांधणाऱ्याने दगडात काटकसर केली असल्यामुळे इमलाकांच्या संसाराबद्दल मी जे सांगते ते ऐकीव असलं तरी खात्रीचं असतं.

आता सॅमन धरण्यात एकच अवघड गोष्ट आहे, आणि ती म्हणजे काही न करणं. पिसांची माशी पाण्यात तरंगत जाते, मासा ती तोंडात घेतो, दोरीला ओढ लागते. इथे माणूस दचकतो आणि गळाची काठी उचलतो. उचलली की माशी माशाच्या उघड्या तोंडातून बाहेर आणि मासा आपल्या घरी. थांबायचं असतं. मासा वळू द्यायचा, दोरी घेऊ द्यायची, मगच काठी वर. हे थांबणं मोजायला स्कॉटलंडभरचे गिली पाहुण्यांना एक वाक्य शिकवतात: "देव राणीला सांभाळो," सावकाश म्हणा, मग उचला. हल्ली राणीच्या जागी राजा म्हणतात, मासा दोघांनाही तेवढाच वेळ देतो.

पण हेक्टर पडला स्वतंत्र स्कॉटलंडवाला. राणीबद्दल त्याच्या मनात वाईट काही नव्हतं, पण तिला सांभाळण्याची विनंती देवाला आपण का करायची, हे त्याला पटेना. म्हणून त्याने स्वतःचं वाक्य काढलं. "साहेब, ओढ लागली की शांतपणे म्हणायचं, 'एपी, चहा टाक, मी आलोच.' 'आलोच' झालं की काठी वर."

एपी म्हणजे त्याची बायको, एल्सपेथ. झालं असं की चाळीस वर्षांत शेकडो पाहुणे हे वाक्य शिकून गेले. जर्मनीचे कारखानदार, लंडनचे वकील, लीड्सचा एक दातांचा डॉक्टर जो दरवर्षी येतो, सगळे कमरेएवढ्या पाण्यात उभे राहून एपीला चहा टाकायला सांगत. नाताळात तिला अनोळखी लोकांची कार्डं येतात. मी एकदा तिला म्हटलं, "एपी, तुझं नाव नॉर्वेपर्यंत गेलंय की."

"हो," ती कपडे वाळत घालत म्हणाली. "चाळीस वर्षं परके पुरुष मला चहा टाकायला सांगताहेत आणि मी एकाला नाही म्हटलेलं नाही. घरच्याने मात्र आजवर स्वतः किटली ठेवलेली नाही."

"मग त्याला का नाही गं लागत मासा? वाक्य तर त्याचंच."

"त्याचे हात ऐकत नाहीत."

हातांचं खरं होतं. चोवीस वर्षांचा होईपर्यंत हेक्टरने सॅमन पोत्यांनी काढले होते, फक्त नदीच्या मालकांना न विचारता. बापाने शिकवलेली विद्या: धबधब्याखालच्या कपारीत लांब दांड्याचा लोखंडी आकडा सोडायचा, माशाचा स्पर्श झाला की त्याच क्षणी हिसका. तिथे थांबणारा उपाशी राहायचा, किंवा पोलिसांच्या हाती लागायचा. शेवटी मिसेस डॅल्गार्नोंच्या सासऱ्यांनी त्याला बोलावून नोकरीच दिली. म्हणाले, "निदान दिवसा तरी तू कुठे आहेस ते मला कळेल." तेव्हापासून हेक्टर इस्टेटीने शिवून दिलेला लोकरी सूट घालून सरळ मार्गाने चालू लागला. पण हात मात्र कपारीशीच राहिले. बोटांना ओढ कळायचा अवकाश, काठी आभाळाला.

आमच्या काठावर एक रीत आहे. हंगाम एकतीस ऑक्टोबरला संपतो, आणि त्या दिवसाचा शेवटचा तास गिलीचा. पाहुणे आपल्या दोऱ्या गुंडाळतात, त्यांच्यातला एक आपली काठी गिलीच्या हातात देतो, आणि अंधार पडेपर्यंत नदी त्याची. चाळीस वर्षांत हेक्टरला असे चाळीस तास मिळाले. त्यांत त्याला तेवीस वेळा मासा लागला आणि तेवीस वेळा त्याने हिसका देऊन तो घालवला. दिवसभर ज्यांना तो "साहेब, उचलू नका, उचलू नका" म्हणून ओरडलेला असायचा, ते सगळे काठावर बसून तीच ओळ त्याला परत करायचे.

हे सगळं हसण्यावारी गेलं असतं, पण दाराचं काय?

नदीकाठी गिलीची लाकडी खोपटी आहे. चूल, बाक, ओले कोट टांगायला खुंट्या. तिच्या दाराच्या आतल्या बाजूला, ज्याने ज्याने आमच्या काठावर आपला पहिला सॅमन गळाने धरला त्याचं नाव पेन्सिलीने लिहितात. तारीख, वजन, डोहाचं नाव. दार शंभर वर्षांचं असेल. त्यावर ड्यूक आहेत, खाटीक आहेत, मिसेस डॅल्गार्नोंची सात वर्षांची भाची आहे, आमचे जुने पाद्री आहेत जे मासा बाहेर काढताना स्वतः आत पडले आणि ज्यांच्यामुळे त्या डोहाला पाद्र्याचा डोह म्हणतात. गेल्या चाळीस वर्षांतली सगळी नावं हेक्टरच्या अक्षरातली. त्याचं स्वतःचं नाव नव्हतं.

दोन वर्षांपूर्वी तो पासष्टचा झाला. गुडघे गेले होते. त्या हंगामाच्या अखेरीला खोपटीची किल्ली शोनाला द्यायची ठरलं. शोना आमच्या लोहाराची मुलगी, तिशीची, हेक्टरच्याच हाताखाली चार वर्षं तयार झालेली. मिसेस डॅल्गार्नो भली बाई. त्यांनी हेक्टरला बोलावून सांगितलं की खोपटीच्या दारावर त्याच्या नावाची पितळी पाटी लावायची त्यांची इच्छा आहे.

भिंतीपलीकडून मी त्या संध्याकाळी ऐकलं ते असं.

"पाटी बाहेरून लावणार की आतून?" एपीने विचारलं.

"मी नाही म्हणून आलोय."

"का?"

"त्या दारावर मासा धरलेल्यांची नावं असतात. पाटी लावून काय सांगायचं लोकांना? हा माणूस इथे उभा होता?"

मग हेक्टर हळूच म्हणाला, "एक तास आहे अजून." ते वाक्य मी पुढे कोणाला सांगितलं नाही. माझ्याही काही मर्यादा आहेत.

तो एकतीस ऑक्टोबर सोमवारी आला. आदल्या आठवड्यात डोंगरात पाऊस झाला होता आणि पाणी आता उतरत होतं, काळ्या चहाच्या रंगाचं, अगदी हवं तसं. बर्चची पिवळी पानं वाहत होती. लीड्सच्या दातांच्या डॉक्टरला सकाळीच एक मासा मिळाला होता, त्यामुळे तो असह्य झाला होता. साडेतीनला त्याने आपली पंधरा फुटी काठी दोन्ही हातांवर आडवी धरून, दरबारात तलवार द्यावी तशी, हेक्टरला दिली.

"घ्या, हेक्टर. आणि ओढ लागली की शांतपणे एपीबाईंना चहा टाकायला सांगा."

"तुमच्या दाढेखाली जीभ आहे का हो, डॉक्टर?"

"आहे."

"तिथेच राहू द्या."

काठावर आम्ही बसलो होतो. मिसेस डॅल्गार्नो घडीच्या खुर्चीत, पायाशी त्यांचा बहिरा कुत्रा. डॉक्टर. शोना हातजाळं घेऊन पाण्याच्या कडेला, कारण त्या तासाला हेक्टर पाहुणा आणि ती गिली. एपी आणि मी एका घोंगडीवर, मध्ये मोठा थर्मास. थर्मासात धुरी दिलेल्या हॅडक माशाचं दूध-बटाट्याचं सूप होतं. सूप माझं, थर्मास तिचा.

हेक्टर पाद्र्याच्या डोहाच्या वरच्या टोकाला मांडीभर पाण्यात उभा राहिला. दोरी टाकायला लागला की तो माणूस बघत राहावा. काठी मागे जाते, दोरी पाण्यावर एक मोठं वेटोळं काढते आणि पलीकडच्या काठाशी अशी उतरते की पाण्यालाही समजू नये. दर वेळी एक पाऊल खाली. वीस मिनिटं असं चाललं.

मग दोरी ताणली.

आम्हा सगळ्यांना दिसली. हेक्टरचे ओठ हलले, शपथेवर सांगते, मला "ए" दिसला, आणि "पी"च्या आत काठी वर गेली होती. दोरी सैल होऊन त्याच्याच टोपीवर आली.

कोणी हसलं नाही. दरवर्षी हसायचो, त्या दिवशी नाही. डॉक्टरने बूट न्याहाळले. मिसेस डॅल्गार्नो कुत्र्याला म्हणाल्या, "थंडी वाढली, नाही का?" कुत्र्याने काही ऐकलं नाही.

हेक्टरने दोरी टोपीवरून काढली, माशी तपासली, आणि एक पाऊल खाली सरकून पुन्हा टाकायला लागला. पण आता त्याचे खांदे उतरले होते. लांबूनही कळत होतं. घड्याळात चारला दहा कमी होते आणि डोंगराआड सूर्य गेला होता.

एपीने थर्मास उघडला. तिचा एक टिनचा मोठा मग आहे, त्यात ती सूप ओतू लागली. निम्मा भरला, पाऊण भरला, तरी ती ओततेच आहे.

"अगं, सांडेल," मी म्हटलं.

"सांडलं तर त्याच्यावर," ती म्हणाली. मग काठोकाठ भरला. कडेच्या वर सूप नुसतं फुगून राहिलं. ती गुडघ्यापर्यंतचे रबरी बूट घालून आली होती, ते मी तोवर पाहिलंच नव्हतं. तो मग दोन्ही हातांत धरून ती पाण्यात उतरली, दगड चाचपत, नजर मगवर. बूट भरले. ती थांबली नाही.

हेक्टरची दोरी नुकतीच पलीकडे उतरली होती.

"काय गं, इथे कशाला? मासे पळतील."

"तुझ्याकडे यायला तसेही ते रांगेत नाहीत. हात गारठलेत तुझे. धर."

"नंतर."

"हेक्टर, मी मांडीपर्यंत भिजलेय. धर."

चाळीस वर्षांचा संसार झालेला माणूस यावर वाद घालत नाही. त्याने काठीचा बुंधा उजव्या काखेत दाबला आणि डाव्या हाताने मग घेतला. आणि ती काठी अशी आहे की ती हिसक्याने उचलायला दोन हात लागतात. हे मला नंतर डॉक्टरने चित्र काढून समजावलं. त्या वेळी मला एवढंच दिसलं की दोरी, हळूच, कोणीतरी बाही धरून बोलवावं तशी, ओढली गेली.

हेक्टरचं सगळं अंग ताठ झालं. उजवा हात धडपडला, पण काखेतल्या काठीला एका हाताने तो काय करणार. डावा हात वर जाणार तर त्यात उकळतं सूप, काठोकाठ, आणि मनगटापासून चार इंचांवर एपीचं तोंड.

"एपी, धर, धर हे."

"सांडशील."

"अगं लागलाय."

"मला दिसतंय. हळू दे. कान माझ्याकडे कर मगचा." तिने आधी एक हात पुढे केला. मग दुसरा. मग तिला तिची पकड पसंत पडली नाही म्हणून तिने पहिला हात बदलला. काठावर मी, एक मोठी बाई, दातांनी घोंगडी धरून बसले होते. "हं. सोड आता. सावकाश. चटका बसेल मला."

त्याने सोडला. एक थेंब सांडला नाही. आणि तोवर काठीवरची दोरीची चक्री गायला लागली होती, मासा वळून, दोरी घेऊन, पाद्र्याच्या डोहाच्या पार खालच्या टोकाला पोचला होता. माशी त्याच्या जबड्याच्या कोपऱ्यात कधीच रुतली होती. हेक्टरने दोन्ही हातांनी काठी धरली आणि वर घेतली, आणि ती वाकली ती वाकलीच राहिली.

पुढची बारा मिनिटं मी बसले तेवढी शांत कधीच बसले नसेन. बोलत होती ती फक्त शोना. "काठी वर ठेवा, साहेब. पळतोय तर पळू द्या. दोरी अडवू नका, साहेब." चार वर्षांत तिने त्याला एकदाही साहेब म्हटलं नव्हतं, त्याने ऐकलं की नाही कोण जाणे, पण सांगितलं ते सगळं केलं. एपी तिथेच पाण्यात, मग हातात घेऊन. मधेच तिने एक घोट घेतला.

शोनाने जाळं खाली घातलं आणि उचललं. मादी होती, पोटाशी तांबूस झाक आलेली, अंडी घालायला वर निघालेली. जाळं पाण्यातच ठेवून शोनाने दांड्यावरच्या खुणांनी लांबी मोजली, वजनाचा अंदाज त्यावरूनच बांधतात. आमच्याकडे आता मासा परत सोडायचा असतो. हेक्टर गुडघ्यांवर बसला, त्या गेलेल्या गुडघ्यांवर, माशाचं तोंड प्रवाहाकडे करून दोन्ही हातांत धरून राहिला. कल्ले हलायला लागले. तरी तो धरून राहिला. मग शेपटीचा एक फटकारा बसला, त्याच्या चेहऱ्यावर पाणी उडालं, आणि हात रिकामे झाले. ते चेहऱ्यावरचं पाणी त्याने बराच वेळ पुसलं. किती होतं त्यापेक्षा जास्त वेळ, असं मला वाटलं, पण हे मी पाववाल्याला सांगितलेलं नाही.

खोपटीत आम्ही सगळे दाटीवाटीने उभे राहिलो. चूल पेटलेली, ओल्या लोकरीचा वास. शोनाने किल्लीबरोबर मिळालेली पेन्सिल काढली, टोकाला जीभ लावली आणि दारावर हेक्टर इमलाक असं लिहिलं. तारीख लिहिली. डोह लिहिला. हेक्टर पाठ फिरवून चुलीत लाकूड सारत होता, जसं काही दुसऱ्याच कोणाचं नाव चाललंय.

"वजन किती लिहू?" शोनाने विचारलं.

"बारा पौंड," मिसेस डॅल्गार्नो ठामपणे म्हणाल्या.

"सहज तेरा," डॉक्टर म्हणाला. "मी जवळून पाहिला."

"नऊ," हेक्टर चुलीकडे तोंड करूनच म्हणाला.

"अहो, मासा आता नदीत आहे. कोण तपासायला जाणार?" डॉक्टर म्हणाला.

"नऊ लिही, शोना."

शोनाने नऊ लिहिलं. एपीने बूट उपडे करून पाणी जमिनीवर ओतलं, ते चुलीखाली गेलं. आणि मला, एवढा वेळ गप्प बसल्यामुळे, राहवेना.

"हेक्टर," मी म्हटलं, "एक्केचाळीस वर्षं, बायको मांडीपर्यंत भिजवलीस, माझं सूप गार केलंस, आणि इतकं करून नऊ पौंड?"

तो वळला. दाराकडे गेला, चष्मा कपाळावरून खाली घेतला आणि बोट फिरवत फिरवत माझ्या नावाची ओळ शोधली. मग म्हणाला, "तुझा पाच पौंडांचा. तोही जाळ्यात मीच घेतलेला. दार लाव, वारा येतोय."